मॅड म्हणजे नक्की कोणतं मॅड?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. झालंय असं की तुम्ही मॅग्नेटिक सेन्सरच्या रीडिंगमधले आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फटकून असलेली रीडिंग, काढले, त्यासाठी मॅड (MAD, डेटाचा फैलाव सांगणारा आकडा) वापरलं, रिपोर्टमध्ये 'मॅड = ३.१' एवढंच लिहिलं, आणि परीक्षकांनी, जे नौदलातून रिटायर झालेले आहेत, समासात 'कोणतं मॅड?' असं लिहून रिपोर्ट परत पाठवला. मग तुम्ही सर्च केलं तर पानभर अणुयुद्धच निघालं, आणि आता तुम्ही विचारताय की सरांचा गैरसमज झालेला दिसतोय, तर हे संक्षिप्त रूपच बदलून टाकू का.

मला नाही वाटत त्यांचा गैरसमज झालाय. मी अठरा वर्षं सेन्सरचा डेटा साफ करायचंच काम करतेय, त्यात बरीच वर्षं समुद्रातल्या चुंबकीय सर्वेक्षणाचा डेटा, आणि माझ्याकडे असा रिपोर्ट आला तर मीही समासात हेच दोन शब्द लिहीन. तुमच्या वाक्यात मॅडचे निदान चार अर्थ बसू शकतात आणि त्यातला अणुयुद्धवाला सगळ्यात निरुपद्रवी, कारण तो चुकून कोणी धरणारच नाही. आकड्याचा घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी, तिकडे येते, पण आधी सैन्यातले दोन अर्थ बघून घेऊ, कारण त्यातला एक तुमच्या डेटाच्या फारच जवळचा आहे आणि तो तुम्हाला सापडलेला दिसत नाही.

सर्चमध्ये जे आलं ते म्हणजे परस्पर खात्रीशीर विनाश, इंग्रजीत म्युच्युअल अशुअर्ड डिस्ट्रक्शन. दोन्ही बाजूंकडे एवढी अण्वस्त्रं असावीत आणि ती अशी लपवून, विखरून ठेवलेली असावीत की पहिला वार कोणीही केला तरी मार खाल्लेला उरलेल्या शस्त्रांनी समोरच्याला संपवू शकेल, मग पहिला वार करण्यात कोणालाच फायदा नाही. यातला 'खात्रीशीर विनाश' हा भाग रॉबर्ट मॅकनमारा यांच्या काळातला, ते १९६१ ते १९६८ अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते. 'परस्पर' जोडून त्याचं मॅड केलं ते अमेरिकी रणनीतीचे अभ्यासक डोनाल्ड ब्रेनन यांनी आणि गंमत म्हणजे ते या धोरणाचे विरोधक होते, नाव मुद्दाम असं बनवलं की उच्चारलं की वेडेपणाच ऐकू यावा. टोमणा म्हणून दिलेलं नाव कायमचं चिकटलं. १९७२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत युनियनने क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा करार केला तोही याच तर्कातून, कारण एकाने स्वतःभोवती पक्की ढाल उभी केली तर विनाश 'परस्पर' राहत नाही.

इथे माझ्यासारखीला एक गोष्ट भारी वाटते. हे मॅकनमारा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेत सांख्यिकी विभागातच कामाला होते, विमानं, सुटे भाग, मोहिमा यांचे आकडे लावायचे. नंतर 'विनाश पुरेसा झाला' याचीही त्यांनी आकड्यात व्याख्या केली, १९६०च्या दशकाच्या शेवटी ती साधारण अशी होती की शत्रूच्या लोकसंख्येचा पाचवा ते चौथा हिस्सा आणि निम्मी औद्योगिक क्षमता. वाचताना अंगावर येतं. पण विचार पूर्ण आलेखावरचा आहे, बॉम्ब वाढवत नेले की एका टप्प्यानंतर वक्र सपाट होतो, तिथून पुढे जास्तीच्या बॉम्बने जवळपास काही वाढत नाही, मग थांबायचं कुठे तर त्या वळणावर. तरीसुद्धा या मॅडला स्वतःची अशी किंमत नसते, 'मॅड = ३.१' असं वाक्य त्या जगात होऊच शकत नाही. तुमच्या परीक्षकांना हे माहीत असणारच.

आता दुसरा लष्करी अर्थ, आणि माझ्या मते सरांच्या मनात हाच आला असणार. नौदलात मॅड म्हणजे मॅग्नेटिक ॲनॉमली डिटेक्टर. पाणबुडी शोधणाऱ्या विमानाच्या शेपटीला मागे लांब काठीसारखी नळी बाहेर आलेली तुम्ही फोटोत पाहिली असेल, तिच्या टोकाला हा सेन्सर असतो, विमानाच्या स्वतःच्या लोखंडापासून आणि वायरिंगपासून जितका लांब ठेवता येईल तितका. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ठिकाणानुसार साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला असतं आणि पाण्याखालच्या पोलादी पाणबुडीमुळे त्यात जी गडबड होते ती शेदोनशे मीटरवरून बघितली तर त्या मानाने अगदीच किरकोळ. त्यात ती अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे अंतर दुप्पट झालं की सिग्नल आठवा हिस्सा. म्हणून या कामासाठी विमानाला खूप खाली यावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर हे बसवलेली कॅटलिना विमानं गस्त घालायची, फेब्रुवारी १९४४ मध्ये यू-७६१ ही जर्मन पाणबुडी त्यांच्या मदतीने सापडली आणि बुडवली गेली, त्या स्क्वॉड्रनचं टोपणनावच मॅडकॅट्स होतं. आत्ताच्या काळात बोइंगच्या पी-८ विमानाच्या अमेरिकी आवृत्तीत हा सेन्सर ठेवला नाही पण भारतीय नौदलाच्या पी-८आय मध्ये आहे.

म्हणजे बघा, तुमचा डेटा मॅग्नेटोमीटरचा, वाचणारा नौदलाचा, आणि वाक्य 'मॅड = ३.१'. त्यांनी ते 'डिटेक्टरचं रीडिंग ३.१ नॅनोटेस्ला' असं वाचलं असेल तर दोष त्यांचा नाही. मी स्वतः एका रिपोर्टमध्ये 'मॅडच्या उरलेल्या सिग्नलचं मॅड' असं वाक्य लिहिलंय, पहिलं मॅड म्हणजे यंत्र, दुसरं म्हणजे आकडा, लिहिताना मला ते इतकं उघड वाटलं होतं की दुसऱ्यांदा वाचलंही नाही. मीटिंगमध्ये कोणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा कळलं.

तसं ओळखणं अवघड नसतं. आकडा आणि एकक सोबत आहे का बघायचं. सिद्धांताला दोन्ही नसतात, यंत्राच्या आजूबाजूला उंची, वेग, 'संपर्क मिळाला' असली भाषा असते, आणि सांख्यिकीतल्या मॅडला नेहमी मूळ डेटाचंच एकक असतं, डेटा नॅनोटेस्लात तर मॅडही नॅनोटेस्लात, डेटा सेकंदात तर मॅड सेकंदात. मराठीत तर क्रियापदच चुगली करतं: मॅड 'बसवलंय' म्हटलं की यंत्र, मॅड 'किती आलं' म्हटलं की आकडा, 'मॅडमुळे युद्ध टळलं' म्हटलं की सिद्धांत. अडचण फक्त तुमच्यासारख्या केसमध्ये, जिथे यंत्राचं एकक आणि आकड्याचं एकक एकच आहे.

इथपर्यंतचा गोंधळ एका ओळीत सुटतो, पूर्ण नाव लिहिलं की संपलं. पण पूर्ण नाव लिहायला बसलात की खरा प्रश्न समोर येतो, कारण सांख्यिकीत या तीन अक्षरांची दोन पूर्ण नावं आहेत आणि दोन्ही तितकीच रूढ आहेत. एक मीन ॲब्सोल्यूट डेव्हिएशन, दुसरं मीडियन ॲब्सोल्यूट डेव्हिएशन. आपल्या मराठी शब्दांनी सुटेल म्हणाल तर तेही नाही, शाळेत आपण मध्य (सरासरी) आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) शिकलो, दोघांत फक्त एका 'क'चा फरक, 'मध्य विचलन' आणि 'मध्यक विचलन' टाइप करताना तो 'क' कधी गळेल सांगता येत नाही. म्हणून मी पहिल्याला सरळ 'सरासरी विचलन' म्हणते आणि दुसऱ्याला 'मध्यक विचलन', निदान नजरेला वेगळे दिसतात.

फरक किती पडतो ते हाताने करून बघा, कॅल्क्युलेटरसुद्धा जेमतेम लागेल. समजा सात रीडिंग आहेत: २१, २२, २३, २४, २५, २६ आणि एक भलतंच ९०. सरासरी येते ३३. प्रत्येक रीडिंग ३३ पासून किती लांब ते मोजलं, चिन्ह सोडून दिलं, तर १२, ११, १०, ९, ८, ७ आणि ५७, बेरीज ११४, भागिले सात, सरासरी विचलन १६.२९. आता दुसरं. मध्यक २४. त्यापासूनची अंतरं ३, २, १, ०, १, २ आणि ६६. ती चढत्या क्रमाने लावली की ०, १, १, २, २, ३, ६६, मधली किंमत २. मध्यक विचलन २. डेटा एकच, तीन अक्षरं तीच, एका माणसाचं मॅड १६.२९ आणि दुसऱ्याचं २. वर काही लोक मध्यकापासूनच्या अंतरांची सरासरी काढतात, ते येतं १०.७१, आणि त्यालाही मॅडच म्हणतात. बोला आता.

त्या ९०च्या जागी २७ ठेवून बघा. मध्यक विचलन दोनच राहतं, हललंही नाही, सरासरी विचलन मात्र १६.२९ वरून १.७१ वर येतं. यातच मध्यक विचलनाचा सगळा स्वभाव आला, एका वेड्या रीडिंगने ते बिघडत नाही, खरं म्हणजे जवळजवळ निम्मी रीडिंग खराब होईपर्यंत ते तग धरतं. तुम्ही आउटलायर काढण्यासाठी मॅड वापरलं म्हणताय म्हणजे तुम्हाला बहुतेक हेच हवं होतं, पण 'बहुतेक', कारण तुमच्या स्क्रिप्टने काय काढलं ते मला दिसत नाही आणि कदाचित तुम्हीही तपासलं नसेल.

आणि हे प्रमाण विचलनाने (स्टँडर्ड डेव्हिएशन, ज्याला सिग्मा म्हणतात) का नाही करायचं, तर त्याच सात आकड्यांचं प्रमाण विचलन येतं २५.१९. ९० हा सरासरीपासून ५७ लांब, ५७ भागिले २५.१९ म्हणजे २.२६. 'तीन सिग्माच्या बाहेर तो आउटलायर' हा नियम लावला तर ९० पास! त्याने स्वतःच सिग्मा फुगवला आणि त्याच्या आड लपून बसला. आणि सात रीडिंग असतील तर हे गणितच असं आहे की कुठलंही रीडिंग, अगदी ९० ऐवजी नव्वद लाख टाकलं तरी, २.२७ च्या वर जाऊच शकत नाही, तीनच्या पुढे जायला निदान अकरा रीडिंग लागतात. छोट्या छोट्या तुकड्यांवर तीन सिग्मा लावून 'डेटा स्वच्छ आहे' असा शेरा मारलेले रिपोर्ट मी कितीतरी पाहिलेत, तिथे नियमाला आउटलायर सापडण्याची शक्यताच शून्य होती.

आता तिसरा पेच, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात महागात पडणारा. मध्यक विचलन निघालं की पुढे ते १.४८२६ ने गुणायचं की नाही? हा गुणक कुठून येतो, तर घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वितरणात मध्यक विचलन म्हणजे सिग्माच्या ०.६७४५ पट असतं, तेव्हा ते सिग्माच्या मापात आणायचं तर ०.६७४५ ने भागायचं, म्हणजेच १.४८२६ ने गुणायचं. वरच्या उदाहरणात २ चं २.९७ होतं आणि मग ९० हा मध्यकापासून बावीस 'सिग्मा' लांब दिसतो, जे डोळ्यांनाही दिसतच होतं. सरासरी विचलनाचा गुणक वेगळा, साधारण १.२५. मागणीचे अंदाज आणि स्टॉकचं काम करणारे लोक जेव्हा मॅड म्हणतात आणि १.२५ ने गुणतात तेव्हा ते सरासरीवालंच मॅड असतं, त्यांना आपल्या मध्यकाशी काही देणंघेणं नसतं.

सॉफ्टवेअर इथे आपल्याला मदत करत नाहीत, उलट प्रत्येकाचं वेगळंच. आर या सांख्यिकीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत मॅड नावाचं फंक्शन मध्यकवालं देतं आणि न सांगता १.४८२६ ने गुणून देतं. मॅटलॅबमध्ये त्याच नावाचं फंक्शन न सांगता सरासरीवालं देतं, मध्यक हवा तर जास्तीचा पॅरामीटर द्यावा लागतो. पायथन या भाषेत पांडाज नावाच्या लायब्ररीचं मॅड सरासरीवालं होतं, २.० आवृत्तीत ते काढूनच टाकलं. तिथल्याच सायपाय लायब्ररीचं आत्ताचं फंक्शन मध्यकवालं, पण गुणक न लावता, त्याचं जुनं भावंड मात्र गुणक लावून द्यायचं. स्टॅट्समॉडेल्स या तिसऱ्या लायब्ररीचं पुन्हा गुणक लावूनच. एक्सेलमध्ये जे तयार फंक्शन आहे ते सरासरीवालं. हे सगळं पाठ करायची गरज नाही, फक्त 'मॅड फंक्शन वापरलं' हे वाक्य काहीच सांगत नाही एवढं लक्षात ठेवा.

महागात पडतं म्हणाले ते यावरून की आमची एक जुनी स्क्रिप्ट आर मध्ये होती, ती पायथनमध्ये आणायची ठरलं, मीच आणली. ओळ न् ओळ तशीच, मध्यकापासून तीन मॅडच्या बाहेर गेलं की फ्लॅग, म्हणजे संशयित म्हणून खूण. दुसऱ्या दिवशीपासून फ्लॅगचा पाऊस. आधी दर दहा हजार रीडिंगला तीसेक फ्लॅग व्हायचे ते चारशेच्या वर गेले. आम्ही केबल तपासली, सेन्सर बदलला, सूर्यावर काही वादळ होऊन पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हललंय का तेही पाहून झालं, दोन दिवस गेले. शेवटी कागदावर आठ आकडे घेऊन दोन्हीकडे चालवले तेव्हा एकाचं उत्तर दुसऱ्याच्या बरोब्बर १.४८२६ पट. गणित बघा: गुणक न लावलेले तीन मॅड म्हणजे फक्त दोन सिग्माच्या जरासं पुढे, तिथे चांगल्या, नॉर्मल डेटातलेही ४.३ टक्के बाहेर पडतात, खरे तीन सिग्मा असतील तर ०.२७ टक्के. दहा हजारात ४३० विरुद्ध २७. आकडे समोर असून आम्ही केबल हलवत बसलो होतो.

म्हणून तुमच्या ३.१ कडे मी अशी बघते. ते गुणक लावून आलेलं मध्यक विचलन असेल तर तीन सिग्माची रेघ मध्यकापासून ९.३ वर. गुणक न लावलेलं असेल तर सिग्मा ४.६ आणि रेघ १३.८ वर. आणि ते सरासरी विचलन असेल तर सिग्मा ३.९च्या आसपास, रेघ ११.७ वर, तीही डेटात आउटलायर फारसे नसतील असं गृहीत धरून, जे तुमच्या बाबतीत खरं नाही कारण आउटलायर आहेत म्हणूनच तर तुम्ही हे करताय. तीन वेगवेगळ्या रेघा आणि रिपोर्ट वाचणाऱ्याला कुठली ते कळायला मार्ग नाही. परीक्षकांचा प्रश्न यंत्राबद्दल असो की यातल्या फरकाबद्दल, उत्तर तुम्हाला दोन्हीचं द्यावंच लागेल.

मध्यक विचलनच वापरा असं मी आंधळेपणाने सांगणार नाही, परिस्थितीवर आहे. निम्म्याहून जास्त रीडिंग हुबेहूब सारखी असतील, उदाहरणार्थ सेन्सर पूर्णांकातच आकडे देतो आणि तो शांत बसलाय, तर मध्यक विचलन शून्य येतं आणि मग जरा हललेलं प्रत्येक रीडिंग आउटलायर ठरतं, शून्याने भागल्यासारखा प्रकार. डेटा एका बाजूला झुकलेला असेल, म्हणजे शेपूट उजवीकडेच लांब, तर दोन्हीकडे सारखी रेघ मारणं चुकीचं. आणि सेन्सरचा पाया हळूहळू सरकत असेल, दिवसभरात चुंबकीय क्षेत्र वीस-तीस नॅनोटेस्लाने सहज वरखाली होतं, तर अख्ख्या दिवसाचं एकच मध्यक आणि एकच मॅड काढून उपयोग नाही, तो फैलाव आवाजाचा नसतोच, पाया हलल्याचा असतो. आधी तो कल काढा किंवा सरकती खिडकी घ्या, प्रत्येक रीडिंगच्या आजूबाजूची पंधरा-वीस रीडिंग घेऊन तिथल्या तिथे मध्यक आणि मॅड. तुमचा सेन्सर एका जागी होता की बोटीवर हे तुम्ही लिहिलेलं नाही, बोटीवर असेल तर हे करावंच लागेल, आणि खिडकी इतकी छोटीही घेऊ नका की तुम्हाला शोधायची असलेली खरी वस्तूच आउटलायर म्हणून उडून जाईल.

डेटा खरोखरच स्वच्छ आणि नॉर्मल असेल तर प्रमाण विचलनासारखं दुसरं नाही, मध्यक विचलन त्याच्या तुलनेत हातातल्या माहितीचा जेमतेम ३७ टक्के उपयोग करतं, सरासरी विचलन ८८ टक्के. यावर मोठे लोकही भांडलेत. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांचं म्हणणं होतं की प्रत्यक्ष निरीक्षणांमध्ये सरासरी विचलनच बरं पडतं, सांख्यिकीतज्ज्ञ फिशर यांनी १९२० मध्ये गणिताने दाखवलं की नॉर्मल डेटासाठी प्रमाण विचलन सरस. चाळीस वर्षांनी सांख्यिकीतज्ज्ञ ट्यूकी यांनी दाखवलं की हजारात दोन रीडिंग जरी जास्त फैलावाच्या दुसऱ्या वितरणातून येत असतील तरी फिशर यांचा तो फायदा संपतो. हजारात दोन! माझ्या हातून गेलेल्या कुठल्याच फील्ड डेटात खराब रीडिंग एवढी कमी नव्हती. त्यामुळे साफसफाई मध्यक विचलनाने आणि साफ झाल्यावर पुढची गणितं प्रमाण विचलनाने, अशी माझी सवय आहे.

आता थोडं विषयांतर, पण तुमचे परीक्षक सैन्यातले आहेत म्हणून मुद्दाम सांगते. मॅड या नावाखाली सैन्यात फैलावाचा काही संबंध नसला तरी ही कल्पना तिकडे फार आधीपासून आहे, दुसऱ्या नावाने. तोफखान्यात 'प्रोबेबल एरर' म्हणतात, मराठीत संभाव्य त्रुटी म्हणा: गोळे जिथे पडतात त्याच्या सरासरी बिंदूपासून एवढ्या अंतराच्या आत निम्मे पडतात आणि निम्मे बाहेर. निम्मे आत, निम्मे बाहेर, म्हणजे अंतरांचा मध्यकच की हो. नॉर्मल वितरणात हा तोच ०.६७४५ सिग्मा. तोफखान्यातले लोक त्यावरून पट्टे पाडतात, मध्यापासून एका बाजूला एकेक संभाव्य त्रुटीएवढे चार पट्टे, त्यात अनुक्रमे २५, १६, ७ आणि २ टक्के गोळे, दुसऱ्या बाजूला तसेच, झाले शंभर. क्षेपणास्त्राच्या अचूकतेसाठी जी सीईपी सांगतात, म्हणजे ज्या वर्तुळात निम्मी पडतील त्याची त्रिज्या, तीही याच घराण्यातली, फक्त दोन मितींमध्ये, म्हणून तिथे गुणक बदलतो, सिग्माच्या १.१७७४ पट. गणितज्ञ गाउस यांनी १८१६ मध्ये निरीक्षणांची अचूकता मोजताना हाच मध्यकाचा मार्ग विचारात घेतला होता, सांख्यिकीतज्ज्ञ हॅम्पेल यांनी १९७४ मध्ये तो पुन्हा पुढे आणला.

याचा तुम्हाला उपयोग असा की तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं 'कोणतं मॅड', तर सांगा की यंत्रवालं नव्हे, सर, तोफखान्यातली प्रोबेबल एरर असते ना, साधारण तीच, फक्त इथे ती थेट रीडिंगवरून मध्यक घेऊन काढलीय. पटकन कळेल त्यांना. आर्टिलरीच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांना मी एकदा असंच समजावलं होतं, त्यांनी उलट मलाच विचारलं की मग तुम्ही १.४८ ने गुणता कशाला, आम्ही तर तशीच वापरतो. बरोबरच होतं त्यांचं. चार संभाव्य त्रुटींवर रेघ मारणारा माणूस आणि २.७ सिग्मावर रेघ मारणारा माणूस एकाच जागी उभे असतात, कोणत्या मापात बोलतोय ते सांगितलं की झालं.

तर संक्षिप्त रूप बदलायचं का? बदललं तरी चालेल, ठेवलं तरी चालेल, मी ठेवेन, कारण सांख्यिकीवाले ते शोधतात. पण रिपोर्टमध्ये सेन्सरचा उल्लेख जिथे जिथे आहे तिथे 'मॅग्नेटोमीटर' असंच लिहा, यंत्रासाठी मॅड शब्द एकदाही वापरू नका, म्हणजे तुमच्या पानांवर त्या शब्दाला एकच अर्थ उरेल. पहिल्यांदा येतो तिथे साधारण असं वाक्य टाका: 'येथे मॅड म्हणजे मध्यकापासूनच्या निरपेक्ष अंतरांचा मध्यक, नॉर्मल वितरणाच्या मापात आणण्यासाठी १.४८२६ ने गुणलेला, एकक नॅनोटेस्ला. मध्यकापासून तीन मॅडपेक्षा लांबची रीडिंग वगळली.' तुम्ही गुणलं नसेल तर 'गुणक न लावता' लिहा आणि तीनच्या जागी साडेचार, म्हणजे रेघ साधारण तिथेच राहील. काही जण तीनऐवजी ३.५ घेतात, तेही रूढ आहे, फक्त काय घेतलं ते लिहा. किती रीडिंग वगळली तेही लिहा, टक्केवारीत. ती चार टक्क्यांच्या आसपास निघाली तर दहापैकी आठ वेळा तुमची गडबड तीच आहे जी माझी होती.

आणि हे लिहिण्याआधी आजच एक करा, तुमच्या स्क्रिप्टला माझे वरचे सात आकडे द्या. उत्तर २ आलं तर गुणक न लावलेलं मध्यक विचलन, २.९७ आलं तर गुणक लावलेलं, १६.२९ आलं तर सरासरी विचलन, १०.७१ आलं तर मध्यकापासूनचं सरासरी विचलन. यातलं काहीच आलं नाही तर कोडचे ते दोन-चार लाइन इथे टाका, मी बघते. १६.२९ आलं तर मात्र ३.१ विसरून जा, आउटलायर काढायचं काम पहिल्यापासून परत करावं लागेल, आणि परीक्षकांना तसं सांगून आठवडाभर मुदत मागून घ्या.